हौशी बिनतारी संच : हातची जुळणी व त्यामागील गणित

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' चळवळीच्या धामधुमीत मुंबईतून एका गुप्त नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. 'काँग्रेस रेडिओ' या नावाने ते इतिहासात नोंदले गेले. उषा मेहता व त्यांचे तरुण सहकारी हे केंद्र चालवीत असत. पोलिसांना माग लागू नये म्हणून त्यांना वरचेवर जागा बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि हे केंद्र बंद पडले. परंतु तोपर्यंतच्या सुमारे अडीच महिन्यांत वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या कित्येक वार्ता या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचविल्या होत्या.

या केंद्राचा प्रक्षेपक बाजारातून तयार स्थितीत आणलेला नव्हता. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ साली, सरकारने हौशी बिनतारी चालकांचे परवाने रद्द केले होते. तथापि परवाने रद्द झाले तरी अंगी असलेली विद्या रद्द होत नाही. नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या बिनतारीची हौस असलेल्या तंत्रज्ञाच्या हातून हा प्रक्षेपक मुंबईतच उभा राहिला. केंद्राची ओळख सांगताना निवेदक ४२.३४ मीटर हा आकडा सांगत असत. प्रस्तुत लेखातील पाठाचा प्रारंभ याच आकड्यापासून करावयाचा आहे. कारण स्वतः संच बांधणाऱ्यास जे गणित यावे लागते, त्यातील बराचसा भाग या एका आकड्याच्या आधारे समजावून घेता येतो.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

कोणताही आर्थिक लाभ न घेता, स्वतःच्या शिक्षणासाठी, परस्परसंपर्कासाठी व तांत्रिक प्रयोगासाठी बिनतारी संच चालविणाऱ्या व्यक्तीस हौशी चालक किंवा 'हॅम' असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय कराराने अशा चालकांसाठी वारंवारतेचे काही पट्टे नेमून दिलेले आहेत. आपल्या देशात या सेवेसाठी १९७८ साली स्वतंत्र नियम करण्यात आले. परवानाधारकास स्वतःचे बोधचिन्ह मिळते. भारतीय चालकांच्या बोधचिन्हाचा आरंभ बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होतो. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी चालक होते.

या छंदाचे सार्वजनिक मोल आपत्तीच्या प्रसंगी कळून येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला तेव्हा हौशी चालक आपले संच घेऊन मदतीस धावले होते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामीच्या लाटा अंदमानवर आदळल्या, त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी चालकांचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच होते. नेहमीची दूरध्वनी व्यवस्था कोलमडलेली असताना या पथकाने मुख्य भूमीशी संपर्क राखला आणि असंख्य कुटुंबांचे निरोप पोहोचविले.

आज प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे, मग या संचांची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. भ्रमणध्वनीचा संदेश जवळच्या मनोऱ्यामार्फत जातो. मनोरा पडला, त्याची वीज गेली किंवा त्याला जोडणारी तार तुटली की हातातील यंत्र निरुपयोगी ठरते. हौशी संचाच्या बाबतीत मात्र एक संच, एक बॅटरी आणि दोन खांबांमध्ये ताणलेली तार एवढ्यावर काम भागते. मध्ये दुसऱ्या कोणाची व्यवस्था लागत नाही. परंतु अशा प्रसंगी संच बिघडला, तार तुटली किंवा बॅटरी वेगळ्या दाबाची मिळाली, तर केवळ कळ दाबण्याचे ज्ञान पुरत नाही. ज्याने आपला संच स्वतः बांधला आहे आणि प्रत्येक भागाचा आकडा स्वतः काढला आहे, तोच चालक अशा वेळी मार्ग काढू शकतो. हातच्या जुळणीचे महत्त्व ते हेच होय.

पहिला पाठ : भागाकार आणि तारेची लांबी

बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे ३० कोटी मीटर या वेगाने जातात. एका सेकंदात जितक्या लहरी निघतात ती वारंवारता आणि एका लहरीची लांबी ती तरंगलांबी. दोहोंचा गुणाकार म्हणजे लहरीचा वेग. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे दर सेकंदास दहा लक्ष कंपने या एककात, मोजली तर सूत्र असे होते :

वारंवारता × तरंगलांबी = ३००

आता ३०० ला ४२.३४ ने भागले असता ७.०८५५ मेगाहर्ट्झ हे उत्तर येते. आज हौशी चालक ज्यास '४० मीटर पट्टा' म्हणतात तो भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ इतका आहे. काँग्रेस रेडिओचा आकडा या पट्ट्याच्या ऐन मध्याजवळ पडतो. हौशी विद्येतून निर्माण झालेले केंद्र हौशी चालकांच्या परिचयाच्या पट्ट्यातच बोलत होते, हे एका भागाकाराने उघड होते.

येथे विद्यार्थ्यांस आणखी एक गोष्ट दाखविता येईल. प्रकाशाचा वेग नेमका ३०० नसून २९९.७९२ आहे. तो आकडा घेतल्यास उत्तर ७.०८०६ मेगाहर्ट्झ येते. दोन उत्तरांतील फरक ४.९ किलोहर्ट्झ. एका हौशी केंद्राचे बोलणे या पट्ट्यात सुमारे ३ किलोहर्ट्झ जागा व्यापते. म्हणजे वेगाचा आकडा सोयीसाठी 'पूर्ण' करताना आपण एका अख्ख्या केंद्राहून अधिक अंतर चुकलो! स्थूल आकडा कोठे चालतो व कोठे चालत नाही, याचे भान पुस्तकातील उदाहरणांतून सहसा येत नाही. ते येथे पहिल्याच भागाकारात येते. पुढील हिशेबासाठी ७.०८ मेगाहर्ट्झ हा आकडा घेऊ.

एरियलची लांबी याच हिशेबाने ठरते. मध्यभागी जोड असलेल्या साध्या तारेच्या एरियलची लांबी अर्ध्या तरंगलांबीएवढी असावी लागते. ४२.३४ चे निम्मे २१.१७ मीटर होतात. प्रत्यक्षात तारेची जाडी, टोकांचा परिणाम आणि जमिनीचे सान्निध्य यांमुळे तार सुमारे पाच टक्के आखूड ठेवावी लागते. म्हणून चालक १५० ऐवजी १४३ या अंकास मेगाहर्ट्झने भागतात. १४३ भागिले ७.०८ म्हणजे २०.२ मीटर, प्रत्येक बाजूस १०.१ मीटर. अनुभवी चालक आरंभी तार हातभर अधिक ठेवतो आणि मोजमाप करीत थोडी थोडी कापतो; कारण तार कापणे सोपे, वाढविणे कठीण.

दुसरा पाठ : वेटोळे, कंडेन्सर आणि वर्गमूळ

संचाने असंख्य केंद्रांतून नेमके एकच कसे निवडावे? हे काम वेटोळे आणि कंडेन्सर यांची जोडी करते. झोपाळ्यास जसा स्वतःचा एक झोका असतो आणि त्या तालावर ढकलले तरच तो उंच जातो, तशी या जोडीची स्वतःची एक वारंवारता असते. त्याच वारंवारतेच्या लहरीस ती साथ देते. यालाच संस्पंदन म्हणतात. वेटोळ्याची प्रवर्तकता मायक्रोहेन्रीमध्ये, कंडेन्सरची धारकता पिकोफॅरडमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घेतली, तर सोयीचे सूत्र असे :

प्रवर्तकता × धारकता = २५३३० ÷ (वारंवारतेचा वर्ग)

७.०८ चा वर्ग ५०.१३. त्याने २५३३० ला भागले की ५०५ येतात. बाजारात १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर सहज मिळतो. तो घेतला तर वेटोळे ५.०५ मायक्रोहेन्रीचे हवे.

बाजारात जाऊन ५.०५ मायक्रोहेन्रीचे वेटोळे मागितले तर ते मिळणार नाही. ते स्वतःच गुंडाळावे लागेल. त्यासाठी हॅरल्ड व्हीलर यांनी १९२८ साली दिलेले सूत्र आजही वापरात आहे. सेंटिमीटरच्या मापात ते साधारणतः असे मांडता येते : वेढ्यांच्या संख्येचा वर्ग आणि व्यासाचा वर्ग यांचा गुणाकार करावा; व्यासाची ४६ पट व वेटोळ्याच्या लांबीची १०२ पट यांच्या बेरजेने त्यास भागावे; उत्तर मायक्रोहेन्रीमध्ये येते.

२५ मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पीव्हीसी नळीचा तुकडा घ्यावा. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात मिळणारी, वार्निशचे आवरण असलेली अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्यावी. व्यास तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरावयाचा असल्याने तो २.५५ सेंटिमीटर होतो. वेटोळ्याची लांबी २.५ सेंटिमीटर ठेवू. मग व्यासाची ४६ पट ११७.३ आणि लांबीची १०२ पट २५५; बेरीज ३७२.३. त्यास ५.०५ ने गुणून व्यासाच्या वर्गाने, म्हणजे ६.५ ने, भागले असता २८९ येतात. २८९ चे वर्गमूळ १७. अर्थात त्या नळीवर अडीच सेंटिमीटर लांबीत सारख्या अंतराने १७ वेढे द्यावयाचे. जोडणीच्या टोकांसह सुमारे दीड मीटर तार लागेल.

वर्गमूळ कशासाठी शिकावयाचे, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो. येथे त्याचे उत्तर बोटांनी मोजता येते.

उत्तर बरोबर, तरी संच चुकीचा

हातच्या जुळणीतील खरे शिक्षण यानंतर सुरू होते. हिशेबाप्रमाणे १७ वेढे दिले, १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर जोडला आणि मोजले, तर वारंवारता ७.०८ न येता ६.९१ च्या आसपास आलेली दिसते. गणित तर चुकलेले नाही. मग चूक कोठे?

दोन वाहक एकमेकांजवळ आले की त्यांच्यामध्ये थोडी धारकता आपोआप निर्माण होते. जोडणीच्या तारा, पाटीचा तांब्याचा पत्रा, ट्रान्झिस्टरचे पाय, वेटोळ्याचे शेजारशेजारचे वेढे या सर्वांची मिळून समजा ५ पिकोफॅरड धारकता झाली. ती कोणी विकत आणलेली नाही, तिच्यावर आकडा छापलेला नाही, नकाशातही ती दिसत नाही. परंतु ती आहे. धारकता १०० ऐवजी १०५ झाली, म्हणजे पाच टक्क्यांनी वाढली. वारंवारता धारकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती जवळजवळ निम्म्या टक्क्यांनी, म्हणजे अडीच टक्क्यांनी, उतरली. द्विपद सिद्धान्ताचा हा एक साधा उपयोग होय. अडीच टक्के हा फरक क्षुल्लक वाटेल, पण ७.० मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या पट्ट्याच्या तो बाहेर पडतो. प्रक्षेपक असा चालविला तर तो दुसऱ्या सेवेच्या जागेत अतिक्रमण करील आणि नियमभंग होईल.

यावर उपायही गणितातूनच निघतो. १०० चा स्थिर कंडेन्सर काढून ८२ चा बसवावा आणि त्याच्या जोडीला ५ ते ३० पिकोफॅरडमध्ये फिरविता येणारा लहान ट्रिमर लावावा. ८२ अधिक अदृश्य ५ म्हणजे ८७. उरलेले १३ ट्रिमर फिरवून भरून काढता येतात. तीन आकड्यांची ही बेरीज करणारा विद्यार्थी एक मोठा धडा शिकतो. सूत्र खोटे नसते. आपण सूत्रात जे भरतो ते अपुरे असते. हाच धडा पाणीपुरवठ्याच्या योजनेत, बंधाऱ्याच्या आराखड्यात व अंदाजपत्रकातही उपयोगी पडणारा आहे.

काल्पनिक संख्येचा खरा उपयोग

अकरावीच्या गणितात उणे एकचे वर्गमूळ येते. त्यास 'काल्पनिक' असे नाव असल्याने, जे अस्तित्वातच नाही ते शिकावयाचे कशास, असा ग्रह विद्यार्थी करून घेतात. वरील वेटोळ्याचा ७.०८ मेगाहर्ट्झला होणारा विरोध काढला तर तो सुमारे २२५ ओहम येतो. १०० पिकोफॅरड कंडेन्सरचा विरोधही तितकाच, २२५ ओहम. परंतु दोन्ही एकामागोमाग एक जोडले असता एकूण विरोध ४५० न होता जवळजवळ शून्य होतो. याचे कारण असे की वेटोळ्यात विद्युत्‌प्रवाह दाबाच्या पाव आवर्तन मागे राहतो, तर कंडेन्सरमध्ये पाव आवर्तन पुढे जातो. एकाचा विरोध 'वर' व दुसऱ्याचा 'खाली' असे म्हटले तर दोन्ही एकमेकांस छेदतात. ही वर-खाली दिशा दाखविण्यासाठीच अभियंते काल्पनिक संख्या वापरतात. साधा रोध आडव्या अक्षावर, वेटोळे व कंडेन्सर उभ्या अक्षावर. आलेखाच्या कागदावर हे काढून दाखविले, की संख्येच्या नावाची भीती राहत नाही.

हैदराबादचा एक संच आणि त्रिकोणमिती

भारतीय हौशी चालकांच्या हातच्या जुळणीस मोठी चालना देणारा एक संच हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३-०४ च्या सुमारास तयार केला. त्याचे नाव 'बिट-एक्स'. बोलताना व ऐकताना त्यातील तेच टप्पे उलटसुलट दिशांनी काम करतात, म्हणून भागांची संख्या कमी लागते. परदेशी भाग मागविणे सर्वांस परवडत नाही, हे ओळखून त्यांनी सहज मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. वेटोळी गुंडाळण्यासाठी नळाच्या तोटीत बसवावयाचे प्लॅस्टिकचे वॉशर त्यांनी वापरले. संचाचा नकाशा व त्यामागील विचार त्यांनी सर्वांस खुला केला. देशोदेशींच्या चालकांनी तो बांधला.

हा संच १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी होता. पण त्यात १० मेगाहर्ट्झच्या स्फटिकांची गाळणी आणि सुमारे ४ मेगाहर्ट्झचा आंदोलक आहे. दहा व चार यांची बेरीज चौदा. विजेच्या दोन लहरींची अशी बेरीज कशी होते? त्याचे उत्तर त्रिकोणमितीत आहे :

कोसाइन क × कोसाइन ख = ½ [कोसाइन (क + ख) + कोसाइन (क − ख)]

दोन लहरींचा गुणाकार करणारा टप्पा, ज्यास मिश्रक म्हणतात, तो बेरजेची व वजाबाकीची अशा दोन नव्या लहरी देतो. १० व ४ पासून १४ व ६ निर्माण होतात. १४ हवे, ६ नको; म्हणून पुढे गाळणी बसवावयाची. सूत्राची सत्यता वर्गात तपासण्यासाठी क व ख दोन्ही ६० अंश घ्यावेत. डावीकडे ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. उजवीकडे १२० अंशांचा कोसाइन उणे ०.५ व शून्य अंशाचा १. त्यांच्या बेरजेचे निम्मे पुन्हा ०.२५.

नवशिक्याने आरंभ मात्र याहून साध्या ग्राहकापासून करावा. ७.०८१ मेगाहर्ट्झची लहर आकाशातून आली आणि संचातील आंदोलक ७.०८० वर ठेवला, तर वजाबाकी १ किलोहर्ट्झ उरते. ती कानास ऐकू येणारी शिट्टी होय. आंदोलकाची चकती फिरविली की शिट्टीचा स्वर चढतो किंवा उतरतो. त्रिकोणमितीचे सूत्र कानाने ऐकण्याचा असा योग अन्यत्र क्वचितच येतो.

कमी शक्ती, दूरचा पल्ला

हातच्या संचाची शक्ती बहुधा पाच वॅटच्या आसपास असते. बाजारातील संच १०० वॅटचे मिळतात. मग पाच वॅटचा आवाज कोण ऐकणार, अशी शंका येते. तिचे निरसन लॉगॅरिथम करते. शक्तीचे गुणोत्तर डेसिबलमध्ये मोजतात : गुणोत्तराच्या लॉगॅरिथमची दहा पट. शक्ती दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबल वाढतात. ५ चे ८० वॅट करावयाचे तर चार वेळा दुप्पट करावे लागते, म्हणजे १२ डेसिबल. ग्राहकावरील लहरीच्या जोरमापकाचा एक अंक ६ डेसिबलचा धरतात. अर्थात शक्ती सोळा पट केली तरी ऐकणाऱ्याकडील काटा अवघे दोन अंक चढतो. चांगले एरियल उंच बांधले, तर त्याहून स्वस्तात लाभ होतो. खर्च कोठे करावा, हे लॉगॅरिथम असे शिकवते. ४० मीटरच्या पट्ट्यात दिवसा काही शे किलोमीटरपर्यंत आणि रात्री त्याहून पुष्कळ दूर संपर्क होऊ शकतो. जिल्ह्याजिल्ह्यांतील संपर्कास हा पट्टा म्हणूनच सोयीचा आहे.

प्रक्षेपकाची चाचणी एरियल जोडून घ्यावयाची नसते. त्यासाठी ५० ओहमचा खोटा भार लावतात. २०० ओहमचे, प्रत्येकी २ वॅटचे चार कार्बन रोध समांतर जोडले की ५० ओहम व ८ वॅट क्षमतेचा भार तयार होतो. त्यावरील लहरीचे शिखर २२.४ व्होल्ट भरले, तर त्याच्या वर्गास १०० ने भागून शक्ती ५ वॅट येते.

शाळेत प्रारंभ कसा करावा?

माध्यमिक शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान मंडळांना हा उपक्रम क्रमाक्रमाने हाती घेता येईल. पहिल्या टप्प्यात मल्टिमीटरने रोध मोजणे, ओहमचा नियम पडताळणे आणि सोल्डरिंगचा हात बसविणे एवढेच करावे. दुसऱ्या टप्प्यात वेटोळी गुंडाळून त्यांची मापे आणि हिशेब यांचा ताळा पाहावा. तिसऱ्या टप्प्यात साधा ग्राहक बांधावा. प्रक्षेपकाचा विचार त्यानंतरच. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत तीन रकाने असावेत : हिशेबाने आलेला आकडा, मोजून आलेला आकडा आणि फरकाचे कारण. तिसरा रकाना रिकामा राहू नये, याकडे शिक्षकाने लक्ष द्यावे.

भागांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड व पुण्यातील बुधवार पेठ या पेठा जुन्या चालकांच्या परिचयाच्या आहेत. मोडक्या रेडिओतून व दूरदर्शन संचातून काढलेले भागही उपयोगी पडतात. मात्र जुन्या दूरदर्शन संचाच्या नळीत व मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज बंद केल्यावरही भारी दाब शिल्लक राहू शकतो. असा संच जाणत्या व्यक्तीनेच उघडावा. पाटीच्या कारखानदारीची वाट पाहण्याचे कारण नाही. तांब्याचा पत्रा चढविलेल्या पाटीवर भाग सरळ डाखून जुळणी करता येते. सोल्डरिंग हवेशीर जागी करावे. एरियल विजेच्या तारांपासून, ती पडली तरी तारांना लागणार नाही इतक्या अंतरावर बांधावे. ढगांचा गडगडाट सुरू होताच एरियल संचापासून सोडवावे. आरंभीची सर्व कामे बॅटरीवर करावीत.

परवान्याच्या बाबतीत सवलत नाही, हे विद्यार्थ्यांस प्रथमच सांगावे. प्रक्षेपण करण्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेचा परवाना आवश्यक आहे. त्यासाठीच्या परीक्षेत बिनतारीची मूलतत्त्वे आणि नियम या दोहोंचे ज्ञान तपासले जाते. वय, शुल्क व श्रेणी यांविषयीचे प्रचलित नियम विभागाकडून पाहून घ्यावेत. वर दिलेले पाठ हे या परीक्षेची अर्धी तयारीच होत.

या विद्येची पायरी कोठवर जाते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केलेला 'स्वयम्' हा किलोभर वजनाचाही नसलेला उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी अवकाशात सोडला. हौशी चालकांस एकमेकांकडे संदेश पाठविता यावेत, असा त्याचा हेतू होता. उपग्रहातील संदेशयंत्रणेस लागणारे गणितही मुळात वारंवारता, संस्पंदन, मिश्रण व डेसिबल हेच होय.

पंचायत सदस्यांनी व शाळा समित्यांनी या कामी करावयाची मदत फार मोठी नाही. प्रयोगशाळेतील एक टेबल, इमारतीच्या छतावर खांब उभा करण्यास परवानगी आणि तालुक्यात कोणी परवानाधारक चालक असल्यास महिन्यातून एकदा त्याला शाळेत येण्याचे निमंत्रण, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात अशा चालकांची नावे अद्ययावत ठेवणे हे अधिकाऱ्यांचे काम होय. पूर, वादळ किंवा भूकंप पूर्वसूचना देऊन येईलच असे नाही; आणि संच दुरुस्त करू शकणारा माणूस त्या दिवशी एकाएकी तयार करता येत नाही. तो आधी काही वर्षे कोठल्या तरी शाळेच्या टेबलापाशी बसून सतरा वेढे मोजत असावा लागतो.